आज्ञावलीच्या नोंदी : प्रतवारी आणि वाटणी

संगणकावर चालणारी कोणतीही मोठी आज्ञावली आपले नेमून दिलेले काम करीत असता स्वतःविषयी सतत काही बोलत असते. अमुक धारिका उघडली, तमुक जोडणी तुटली, साठवणीची जागा संपत आली, अशी ही वाक्ये ज्या वहीत उतरतात तिला ‘लॉग’ म्हणतात. हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी पाण्यात टाकावयाचा लाकडी ओंडका हा त्याचा अर्थ. पुढे त्या मापांच्या वहीलाच ते नाव मिळाले. आपल्याकडे त्यास जवळचा शब्द ‘रोजकीर्द’ होय. पेढीवरील व्यवहार घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिले जातात आणि मागाहून त्यांची खात्याखात्यांत खतावणी होते. प्रस्तुत लेखाचा विषय ही खतावणी आहे. हजारो नोंदींपैकी कोणती कोणाकडे जावी, कोणती गाळावी, आणि हे कोणी ठरवावे? प्रश्न यंत्रविद्येचा दिसतो. वस्तुतः तो बराचसा अर्थविचाराचा आहे.

प्रथम या वाटणीचा मागमूसही नव्हता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात युनिक्स प्रणाली वाढत असताना आज्ञावलीचे उत्तर आणि तिची तक्रार ही दोन्ही एकाच वाटेने बाहेर पडत. तेथे छायाक्षरजुळणीचे यंत्र आले तेव्हा याचा उपद्रव जाणवला. लांबलचक कागदाची पट्टी काळजीपूर्वक धुऊन काढावी, आणि तीवर अपेक्षित मजकुराऐवजी ‘धारिका उघडता येत नाही’ एवढी एकच ओळ अत्यंत सुबक टायपात उमटलेली दिसावी, असे एका दुपारी अनेकांच्या बाबतीत घडले. त्या कुरकुरीतून तक्रारीसाठी स्वतंत्र वाट निघाली. आजही युनिक्स पद्धतीच्या प्रणालींत १ ही वाट उत्तराची व २ ही वाट तक्रारीची असते.

पुढची पायरी १९८० च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी घातली. सेंडमेल या टपाल वाहणाऱ्या आज्ञावलीसाठी त्यांनी तयार केलेली ‘सिसलॉग’ ही पद्धत पुढे सार्वत्रिक झाली आणि २००९ मध्ये आरएफसी ५४२४ या दस्तऐवजात तिचे प्रमाणीकरण झाले. तीत प्रत्येक नोंदीवर दोन शिक्के असतात. बोलणारा कोण, हा पहिला. त्याचे २४ वर्ग आहेत. गोष्ट किती गंभीर, हा दुसरा. त्याच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या असून ० ही सर्वांत गंभीर. वर्गाच्या अंकाला आठाने गुणून त्यात पायरीचा अंक मिळविला की एकच संख्या होते. टपालाचा वर्ग २ व त्रुटीची पायरी ३, म्हणून टपालातील त्रुटीची संख्या १९. वाटणी करणाऱ्याने १९ ला आठाने भागावे. भागाकारात वक्ता सापडतो, बाकीत गांभीर्य. वाक्य वाचण्याची त्याला गरजच पडत नाही.

ही रचना चतुर आहे यात शंका नाही, परंतु तिच्यातील आठ पायऱ्यांची शिडी भाषाभ्यासकास खटकल्यावाचून राहत नाही. सर्वांत वरच्या पायरीची व्याख्या ‘प्रणाली निरुपयोगी झाली आहे’ अशी आहे. हे विधान झाले. तिच्या खालची ‘ताबडतोब कृती केली पाहिजे’ अशी. ही आज्ञा झाली. त्रुटी ही घडून गेलेल्या गोष्टीविषयी असते, इशारा बहुधा पुढे घडू पाहणाऱ्या गोष्टीविषयी. म्हणजे विधान व आज्ञा, भूत व भविष्य, हानी व तातडी ही सर्व एकाच शिडीवर दाटीवाटीने उभी केली आहेत. शिवाय पायरी ठरवितो तो आज्ञावली लिहिणारा, आणि त्याची आज्ञावली उद्या कोठे चालणार हे त्याला ठाऊक नसते. साठवणीची जागा संपणे ही गोष्ट एखाद्या सरावाच्या संगणकावर किरकोळ, तर रुग्णालयातील संगणकावर प्राणघातक ठरू शकते.

गांभीर्य हे घटनेत नसून घटना व श्रोता यांच्या संबंधात असते, याचे उदाहरण आपल्या परिसरात दर पावसाळ्यात दिसते. शिरगाव हा बदलापूरचाच भाग, आणि बदलापूर उल्हास नदीच्या काठी. येथे नदीची इशारा पातळी १६.५० मीटर व धोका पातळी १७.५० मीटर धरलेली आहे. मोजपट्टी ‘१७’ एवढेच सांगते. ‘इशारा’ हा शब्द तिचा नव्हे. तो या ठिकाणची वस्ती व उतार पाहून माणसांनी मापाला जोडलेला आहे. तेच पाणी काठच्या चाळीला एक सांगते, उंचावरील वस्तीला दुसरे, आणि रेल्वेला तिसरेच. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पुरात अडकली होती, हे अनेकांस स्मरत असेल.

आपत्तीच्या संदेशांसाठी आज अनेक देशांत वापरला जाणारा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या बाबतीत अधिक शहाणा आहे. तो तातडी, तीव्रता आणि निश्चिती यांचे तीन वेगळे रकाने ठेवतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा हीच पद्धत वापरते. भीषण परंतु अनिश्चित, आणि किरकोळ परंतु निश्चित, हा भेद आठ पायऱ्यांच्या शिडीवर दाखविताच येत नाही.

आता गाळणीविषयी. ती उगमाशी बसवावी की वाटणीच्या जागी? कचेरीतील बारनिशीचा कारकून आलेला प्रत्येक कागद नोंदवितो आणि मग तो योग्य टेबलाकडे धाडतो. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद शोधून काढता येतो. दारातूनच परत केलेल्या कागदाचा माग लागत नाही. आज्ञावलीत खालच्या पायऱ्या उगमाशीच बंद केल्या तर ती वाक्ये लिहिलीच जात नाहीत, आणि बिघाडानंतर कारण शोधणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात. जागा व वेग यांची अडचण खरी आहे. तथापि शक्य तेथे आधी रोजकीर्द, मग खतावणी, हाच क्रम योग्य असे माझे मत आहे.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत निकडीची बाब शेवटी घेतो. पुष्कळ ठिकाणी गाळणी शिक्क्यावर न चालता शब्दावर चालते. वाक्यात ‘एरर’ दिसले की ते उचलावयाचे. इंग्रजीत हे कसेबसे निभावते. मराठीत ‘चूक’ हा शब्द शोधावयास सांगितला तर ‘चुका’, ‘चुकीचा’, ‘चुकले’ यांपैकी एकही रूप सापडणार नाही, कारण प्रत्यय लागताच दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. उलट ‘एकही चूक आढळली नाही’ हे निरुपद्रवी वाक्य मात्र हमखास गाळणीत अडकेल. त्यातच ‘दुसऱ्या’ यातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, केवळ चिन्हांक ताडून पाहणाऱ्या गाळणीस भिन्न. याचा परिणाम असा की नोंदी इंग्रजीतच ठेवाव्या असा सल्ला मिळतो, आणि ज्या कर्मचाऱ्याने त्या वाचून धावावयाचे त्यालाच त्या नीट उमगत नाहीत. दोष मराठीच्या रूपविचाराकडे नाही. माणसासाठी लिहिलेल्या वाक्याकडून वाटणीचे काम करून घेण्याकडे आहे. पोस्टग्रेस या विदासाठ्याच्या प्रणालीत प्रत्येक तक्रारीबरोबर पाच चिन्हांचा संकेतांक येतो. साठवणीची जागा संपल्याचा संकेतांक ५३१००. त्यातील पहिले दोन अंक साधने अपुरी पडल्याचा वर्ग दाखवितात. गाळणीने हा अंक पाहावा. त्यापुढील वाक्य मराठीत हवे तसे लिहावे, पुढल्या वर्षी सुधारावे, वाटणीस त्याचा धक्का लागत नाही.