नवशिके पाणबुडे आणि बुडालेली जहाजे : स्थळाची निवड

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचा विस्तार प्रामुख्याने मालवण, तारकर्ली व देवबाग या परिसरात झाला. येथे प्रवाळ आणि मासे पाहण्यास येणाऱ्या पर्यटकाला समुद्रतळी विसावलेले जहाजही पाहता यावे, या हेतूने नौदलाच्या ‘गुलदार’ या नौकेची योजना पुढे आली. १९८५ मध्ये पोलंडमध्ये नौदलात दाखल झालेली ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी सेवानिवृत्त झाली. ती सिंधुदुर्गच्या समुद्रात निवती रॉकच्या परिसरात बुडवून तेथे कृत्रिम प्रवाळभित्ती व पाण्याखालील संग्रहालय निर्माण करण्याच्या प्रकल्पास केंद्र शासनाने ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले आणि २०२५ मध्ये नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन झाली. अशा स्थळी उतरणाऱ्यांत नवख्यांचाच भरणा अधिक असणार, हे उघड आहे. तेव्हा नवख्याला कोणत्या जहाजावर न्यावे आणि कोणत्या जहाजापासून दूर ठेवावे, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथमच सांगितले पाहिजे की, जहाजाची कीर्ती हा निवडीचा निकष नव्हे. तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाले. त्याच्या पोटात आजही लष्करी मोटारसायकली व मालमोटारी जागच्या जागी दिसतात. जगभरातील पाणबुड्यांना त्याची ओढ असते. परंतु ते सुमारे ३० मीटर खोलीवर असून तेथे प्रवाह पुष्कळदा जोराचा असतो. नुकतेच शिक्षण घेतलेल्याने तेथे घाई करू नये, हे बरे.

याउलट, इंडोनेशियातील बाली बेटावर तुलांबेन या गावालगत ‘लिबर्टी’ नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या पाणतीराने ते निकामी झाले व किनाऱ्यावर ओढून ठेवण्यात आले. एकवीस वर्षे ते तेथेच पडून होते. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेले. आज त्याचा वरचा भाग अवघ्या काही मीटर पाण्याखाली असून खालचा भाग सुमारे ३० मीटरपर्यंत उतरला आहे. नावेची गरज नाही. किनाऱ्यावरून चालत जाऊन पाण्यात शिरता येते. नवख्याने वरच्या भागात रमावे, जाणत्याने खाली जावे, अशी सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. तेथील गावच्या स्त्रिया हवेच्या टाक्या डोक्यावरून किनाऱ्यापर्यंत वाहून नेतात व त्यावर अनेक घरांचा चरितार्थ चालतो, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी लक्षात घेण्याजोगी आहे.

खोलीला एवढे महत्त्व का, याचे कारण साधे आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागाच्या मानाने दहा मीटरवर हवा दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट व तीस मीटरवर चौपट वेगाने खर्ची पडते. घाबरलेला नवखा माणूस धापा टाकतो, म्हणजे त्याची टाकी आणखी लवकर रिकामी होते. शिवाय दाबाखाली नत्रवायू रक्तात मुरतो. प्रचलित कोष्टकांनुसार १८ मीटरवर वाटेत न थांबता थेट वर येण्याची मुभा सुमारे ५५ मिनिटे असते. ३० मीटरवर ती वीस मिनिटांवर येते. त्याच खोलीच्या आसपास नत्रवायूची गुंगी चढू लागते आणि माणसाचा निर्णय चुकू लागतो.

‘नवशिका’ या शब्दात मात्र दोन निरनिराळ्या व्यक्ती येतात, व त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिली, केवळ एक अनुभव म्हणून प्रशिक्षकाच्या आधाराने पाण्यात उतरणारी; तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांनी १२ मीटरची मर्यादा मानली आहे. दुसरी, प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळविलेली. तिची मर्यादा १८ मीटर. मालवणला सुट्टीत येणारा पर्यटक बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. म्हणून जहाजाचा तळ किती खोल आहे एवढेच न पाहता, त्याचा पाहण्याजोगा भाग बारा मीटरच्या आत आहे काय, हे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न जहाजाच्या अंतर्भागाचा. ब्रिटिश नौदलाची ‘सिला’ ही युद्धनौका मार्च २००४ मध्ये प्लिमथजवळ कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून मुद्दाम बुडविण्यात आली. पाणबुड्यांना सहज बाहेर पडता यावे म्हणून तिच्या अंगाला भोके पाडण्यात आली होती. तरीही २००७ मध्ये आत शिरलेल्या दोघांचा मृत्यू झाला. जहाजाच्या आत गाळाचा बारीक थर साचतो. पायातील परांच्या एका फटक्याने तो उसळतो आणि क्षणभरापूर्वी समोर असलेले दार दिसेनासे होते. डोक्यावर पाणी नसून लोखंडी छत असल्याने सरळ वर येण्याचा मार्गही नसतो. त्यासाठी दोरी, दिवा, जादा हवा व वेगळे शिक्षण लागते. नवख्याने जहाज बाहेरूनच पाहावे, हा नियम निरपवाद समजावा. आणि बाहेरून पाहण्यासारखे ज्यात काही नाही, असे जहाज त्याच्यासाठी निवडू नये.

बुडालेले जहाज एकाच स्थितीत राहते असेही नाही. कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटाजवळ जानेवारी २०११ मध्ये ‘किटीवेक’ हे अमेरिकन नौदलाचे जहाज सुमारे वीस मीटर पाण्यात सरळ उभे बुडविण्यात आले. नवख्यांसाठी ते आदर्श मानले जाई. २०१७ च्या वादळाने ते एका कुशीवर आडवे झाले. आडव्या जहाजात जिन्याची भिंत होते, भिंतीची जमीन होते, आणि दिशेचे भान हरपते. तेव्हा प्रत्येक मोसमाच्या आरंभी जाणत्या पाणबुड्यांकरवी स्थळाची नव्याने पाहणी होणे आवश्यक आहे.

कोकणच्या समुद्राची स्वतःची अशी काही वैशिष्ट्ये आहेत. पावसाळ्यात येथे डायव्हिंग बंदच असते. नद्या व खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे पाणी बराच काळ गढूळ राहते. त्यातल्या त्यात हिवाळ्यात ते निवळते. पाणी निवळ नसेल तर जहाजाचा सांगाडा एकाएकी समोर उभा ठाकतो, व त्याचे नवख्याला भय वाटते. भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळेतच उतरावे लागते, आणि ती वेळ दररोज पुढे सरकते.

स्थळ ठरविताना तीन मागण्या एकमेकींशी भांडतात. पर्यटकाला जहाज उथळ पाण्यात हवे. वरून जाणाऱ्या बोटींना त्याच्या माथ्यावर पुरेसे पाणी हवे. आणि पावसाळी लाटांनी ते हलू नये, म्हणून खोली आणखी वाढवावी लागते. ८३ मीटरच्या आसपास लांबीच्या, रणगाडे किनाऱ्यावर उतरविण्यासाठी बांधलेल्या ‘गुलदार’सारख्या नौकेच्या बाबतीत हा मेळ साधणे सोपे नाही. तिन्हींपैकी एक मागणी थोडी सोडावी लागलीच, तर ती पर्यटकाची असावी.

राहता राहिली जाळी. बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात, माशांमागे मच्छीमार येतात, आणि लोखंडात अडकून तुटलेले जाळे तेथेच लोंबकळत राहते. नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यात पाणबुड्याचा पाय अथवा टाकीचा नळ गुंततो. म्हणून जहाजाची जागा तरंगत्या खुणांनी दाखविली जावी, नांगर जहाजावर न टाकता नौका ठरावीक बोयालाच बांधाव्यात, आणि मच्छीमार सहकारी संस्थांना जागा ठरण्यापूर्वी विश्वासात घ्यावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायूची सोय आहे काय आणि दाबकक्ष असलेले रुग्णालय किती तासांच्या अंतरावर आहे, याची नोंद किनाऱ्यावरील प्रत्येक डायव्हिंग केंद्रात दर्शनी जागी लावलेली असावी.