थीम भिंतीवर, झोप गादीवर

शनिवारी सकाळी खोपटच्या एसटी स्टँडवर दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. एक गावी निघालेले आणि दुसरे एका रात्रीच्या सुट्टीला. दुसऱ्यांची बॅग लहान असते, पण खोलीचे फोटो मोबाइलवर आधीच दहा वेळा बघून झालेले असतात. पलंगामागे रंगवलेली भिंत, खिडकीतला झुला, बाथरूममधला पितळी नळ. पूर्वी सहलीत खोली म्हणजे सामान टाकायची आणि पाठ टेकायची जागा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली सुरू झालं, त्यानंतर कितीतरी वर्षं महामंडळाच्या निवासात जागा मिळाली यातच कुटुंबं खूश असायची. आता खोली हाच सहलीचा अर्धा कार्यक्रम झाला आहे.

ठाणेकराला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. चितळसर-मानपाड्याची टिकुजिनीवाडी शहराच्या हद्दीतच आहे; पाळणे, वॉटर पार्क आणि राहायची सोय एकाच आवारात. मोठा बेत असला तर खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क. २०१३ च्या एप्रिलमध्ये ते उघडलं, पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्क जोडलं गेलं आणि २०१५ मध्ये शेजारीच नोव्होटेल साखळीचं हॉटेल सुरू झालं. आराखडा २८७ खोल्यांचा होता, पैकी ११६ पहिल्या टप्प्यात उघडल्या.

अशा हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर पाहुण्याला पहिला धक्का बसतो तो शांत रंगांचा. दिवसभर पार्कमध्ये डोळे दिपवणारे रंग, कानठळ्या बसवणारं संगीत आणि मुलांचा कल्ला. खोलीत मात्र फिके पडदे, पांढरी चादर, साधं टेबल. यात कंजुषी नाही, हिशेब आहे. चार राइड करून आलेल्या मुलाला झोपवायचं असतं, त्याला आणखी नाचवायचं नसतं. म्हणून जगभरातल्या पार्क-हॉटेलांत थीमचा मोठा खर्च लॉबी, जेवणघर आणि पोहण्याच्या तलावावर होतो. खोलीत ती एखाद्या चित्रात, उशीच्या अभ्र्यात किंवा गालिच्याच्या नक्षीत उतरते. इथे खरा पैसा जातो तो माणसं मावण्यावर. नोव्होटेलच्या जगभरच्या धोरणात आईवडिलांच्या खोलीत राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या दोन मुलांचं राहणं आणि नाश्ता मोफत असतो. हे धोरण पाळायचं तर खोलीत उघडून पलंग होणारा सोफा लागतो, दोन जादा टॉवेल लागतात आणि चार जणांच्या चपला ठेवायला जागाही लागते.

वॉटर पार्कजवळच्या खोलीची एक गरज मात्र कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचा पोशाख सक्तीचा, आणि परतल्यावर चार जणांचे चार ओले पोशाख वाळत कुठे घालायचे? बोरघाटाच्या पायथ्याशी जुलैत हवाच इतकी ओली असते की खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पोशाख सकाळी तसाच निथळत असतो. जाणता हॉटेलवाला शॉवरच्या वर ओढून काढायची दोरी बसवतो, नाहीतर गॅलरीत घडीचा स्टँड ठेवतो. ज्याने हे केलेलं नसतं, त्याच्या सोफ्याच्या कापडावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीचे डाग पडतात.

थीम उसनी आणायची गरजच नाही, अशीही ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. सासवडच्या वाटेवर जाधववाडीत पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेली गढी आहे. पिलाजी हे छत्रपती शाहू महाराजांचे सरदार. हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी या गढीचं हॉटेल केलं आणि आवारात ‘आई’ नावाचं संग्रहालयही मांडलं. दारात मराठमोळं स्वागत, फेटे बांधलेले कर्मचारी, दगडी भिंती, कोरीव लाकडी सामान. पण गढी राहण्यासाठी आणि लढण्यासाठी बांधलेली. प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर हवं, ही कल्पनाच त्या काळात नव्हती. अशा इमारतीत गरम पाण्याची नळी, सांडपाण्याचा उतार, एसीचा पाइप आणि विजेची तार जाड दगडी भिंतीला फार धक्का न लावता फिरवावी लागते. पाहुणा फोटो काढतो तो भिंतीचा. हॉटेलवाल्याचे सर्वात कठीण दिवस गेलेले असतात ते नळजोडणीत. हेरिटेज हॉटेलच्या सरकारी वर्गवारीसाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते आणि भाड्याने द्यायच्या किमान पाच खोल्या असाव्या लागतात. जुनेपण हवंच, पण त्यात शॉवर चालला पाहिजे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात आणखी वेगळा प्रकार बघायला मिळतो. इथली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, जवळजवळ विस्मृतीत गेली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी कारागीर शोधून, स्वतः शिकून ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, असे १२० पत्ते असतात. राजघराण्याच्या पुढच्या पिढीने राजवाड्याच्या आवारात छोटं हॉटेल सुरू केलं, तेव्हा खोल्यांच्या सजावटीला विषय बाहेरून शोधावा लागला नाही. मत्स्य, कूर्म, वराह ही मंडळी पत्त्यांवरून भिंतींवर आणि लाकडी सामानावर आली. गावात लाखकामाचे कारागीर आहेतच. दिव्याचा खांब खरचटला, तर दुरुस्तीला परगावचा ठेकेदार बोलवावा लागत नाही. थीमच्या खोलीत हा फायदा मोठा असतो. परदेशातून मागवलेल्या खास कपाटाची मूठ तुटली की सहा महिने तिथे साधी मूठ लावून काम भागवावं लागतं, आणि पाहुण्याची नजर नेमकी तिथेच जाते.

जागा कमी पडली की काय होतं, हे डेक्कन ओडिसीत दिसतं. राज्य सरकार आणि रेल्वेने २००४ मध्ये सुरू केलेली ही आलिशान गाडी म्हणजे चाकांवरचं हॉटेलच. तिचे जेवणाचे डबे ‘पेशवा’ नावाचे, बारचं नाव ‘मुंबई हाय’. २१ डब्यांच्या गाडीत ४० डीलक्स केबिन आणि चार प्रेसिडेन्शियल स्वीट, म्हणजे फार तर ८८ पाहुणे. डब्याची रुंदी रेल्वेने ठरवलेली, ती वाढवता येत नाही. त्यातच पलंग, कपाट, फोन आणि स्वतंत्र बाथरूम बसवायचं. शिवाय गाडी वळणावर झुकली की टेबलावरचा पेला घसरता कामा नये आणि कपाटाचं दार आपोआप उघडता कामा नये.

थीमच्या नादाला पूर्ण लागलेलं हॉटेल बघायचं तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं मॅडोना इन. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलात ११० खोल्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. एक खोली तर चक्क दगडाच्या गुहेसारखी. पाहुण्याला गंमत वाटते. पण एका खोलीचा पडदा दुसरीला चालत नाही, गालिचा बदलायचा तर नुसता त्या खोलीपुरता शोधावा लागतो.

डिस्नेने याच्या उलट वाट धरली. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबरोबर १ ऑक्टोबर १९७१ रोजी दोन हॉटेलं उघडली. एक भविष्यातल्या शहरासारखं दिसणारं, दुसरं प्रशांत महासागरातल्या बेटांसारखं. दोन्हींच्या खोल्या मात्र यू. एस. स्टील कंपनीने कारखान्यात पोलादी सांगाड्यांत तयार केल्या, बाथरूमसकट, आणि क्रेनने उचलून जागेवर बसवल्या. बाहेरून एक अवकाशयुग, एक नारळीची बाग. आत पोलादाची पेटी तीच.

स्वीडनच्या युक्कासयार्वी गावातल्या आइसहॉटेलात तर पलंगसुद्धा बर्फाचा असतो. खोलीचं तापमान उणे पाच ते उणे आठ अंश. त्या पलंगावर गादी, गादीवर रेनडियरची कातडी आणि पाहुणा जाड स्लीपिंग बॅगमध्ये. स्वच्छतागृह मात्र शेजारच्या उबदार इमारतीत. बर्फाची हौस तिथवर नेण्याची हिंमत त्यांनीही केलेली नाही.

गढी असो, राजवाडा असो की बर्फाचा महाल, थीमची हद्द गादीपाशी आणि बाथरूमच्या दाराशी संपते. तिथून पुढे राज्य हाऊसकीपिंगचं. पांढऱ्या चादरींचा आग्रहही त्याच खात्याचा. वेस्टिन हॉटेलांनी १९९९ मध्ये ‘हेवनली बेड’ नावाचा संपूर्ण पांढरा पलंग आणला आणि नक्षीदार बेडकव्हर जगभर मागे पडलं. पांढऱ्यावर डाग लपत नाही, त्यामुळे पाहुण्याचा विश्वास बसतो. आणि सगळ्या खोल्यांच्या चादरी एकत्र, कडकडीत पाण्यात, ब्लीच टाकून धुता येतात. चांगलं हॉटेल एका पलंगामागे निदान तीन जोड ठेवतं: एक पलंगावर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात. थीम दाखवायला मग पायथ्याशी रंगीत पट्टा, म्हणजे बेड रनर, आणि दोन नक्षीच्या उश्या पुरतात. पैठणीच्या काठाचा बेड रनर मराठी थीमच्या हॉटेलांत हमखास भेटतो. झोपताना तो खुर्चीवर जातो.

बाथरूममध्ये सगळ्यात मोठा बदल बाटल्यांचा झाला. शाम्पूची इवलीशी बाटली घरी आणणं हा सहलीचा जणू हक्कच होता. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, मोठ्या हॉटेल साखळ्यांनी २०१९ च्या सुमारास छोट्या बाटल्या बंद करायचं जाहीर केलं, आणि भिंतीला भरून वापरायचे डबे लागले. मुंबईत विमानतळाजवळ १९९७ मध्ये उघडलेल्या कामतांच्या ऑर्किड हॉटेलने मात्र पर्यावरण हीच थीम केली होती. तिथल्या खोलीत एसीला एक हिरवं बटण ठेवलं. ते दाबलं की तापमान दोन अंश वर जाऊन वीज वाचते. पाहुण्याला दिसणारी ही एक छोटी वस्तू, पण हॉटेलची सगळी ओळख तिच्यावर उभी राहिली.

बुकिंग करणाऱ्याने वेबसाइटवरच्या फोटोंपलीकडे काय बघावं? पहिलं, खोलीचं क्षेत्रफळ. सरकारी तारांकित वर्गवारीत एक-दोन तारे असलेल्या हॉटेलची खोली किमान १२० चौरस फूट आणि पंचतारांकितची २०० चौरस फूट लागते, बाथरूम सोडून. १२० फुटांत डबल बेड, कपाट आणि त्यात एक्स्ट्रा बेड टाकला की चालायला वाट उरत नाही. दुसरं, एक्स्ट्रा बेड म्हणजे खाट की जमिनीवर टाकलेली गादी? याचं उत्तर फोनवर विचारूनच मिळतं. सोबत आजी-आजोबा असतील तर हा प्रश्न झुल्याआधी विचारावा. त्यांच्यासाठीच आणखी दोन चौकशा: कमोडशेजारी धरायला दांडा आहे का आणि बाथरूमची फरशी घसरडी तर नाही ना. ‘ग्रामीण थीम’च्या कॉटेजमध्ये शेणाच्या रंगाची गुळगुळीत फरशी दिसायला छान, ओल्या पायांना धोक्याची.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग पॉइंट असणं ही आता चैन राहिलेली नाही. जुन्या वाड्यात किंवा तंबूत एकच पॉइंट असतो, तोही केटलच्या मागे, आणि चार फोन रात्रभर रांगेत उभे राहतात. दाराच्या आतल्या बाजूला आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा लावलेला असतो, तोही एकदा बघून ठेवावा. लाकूड, गवताचं छप्पर आणि पडदे जितके जास्त, तितका तो कामाचा.

शेवटी बिल. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. त्यामुळे ७,४०० ची साधी खोली आणि ७,९०० ची ‘थीम रूम’ यांत दर पाचशेने वेगळा दिसला, तरी करासकट पहिली ७,७७० रुपयांना पडते आणि दुसरी ९,३२२ रुपयांना. फरक १,५५२ रुपयांचा. बुकिंगचं बटण दाबण्याआधी त्या पैशांत रंगवलेल्या भिंतीशिवाय आणखी काय मिळतं, मोठी खोली, गॅलरी की नाश्ता, हे हॉटेलकडून लेखी मागवून घेता येतं, आणि बहुतेक हॉटेलं ते व्हॉट्सॲपवर कळवतातही.