शाई न लागलेलं बोट

लग्नाआधी सहा वर्षं मी साताऱ्यात नागरिकशास्त्र शिकवत होते. ‘मतदान हा हक्क आहे आणि कर्तव्यही’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं, त्याची मोजदाद नाही. तीच मी इंग्लंडला आल्यावर मतदार नोंदणीचं पत्र चार वर्षं पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकत होते. वाटायचं, आपला पासपोर्ट भारताचा, आपल्याला काय त्याचं!

2023च्या स्थानिक निवडणुकीआधी एक आजोबा पक्षाचं पत्रक घेऊन दारात आले. मी हसून म्हटलं, “आम्ही भारतीय आहोत, आम्हाला मत नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच तर आहे! भारत राष्ट्रकुलात आहे ना?” नागरिकशास्त्राच्या बाईंना उंबऱ्यावरच धडा मिळाला. पण नोंदणीची मुदत उलटून गेली होती. आणि आमच्या गल्लीजवळचं ग्रंथालय, जिथे माझा लेक दर शनिवारी गोष्टी ऐकायला जायचा, ते बंद करायचं त्याच सुमारास घाटत होतं. मी नुसती हळहळत बसले.

मग मात्र मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. हाउस ऑफ कॉमन्स म्हणजे इथली लोकसभा, खासदार 650. हाउस ऑफ लॉर्ड्स राज्यसभेसारखं वाटतं. पण राज्यसभेचे बहुतेक खासदार आपले आमदार निवडतात, लॉर्ड्स मात्र बहुतांशी नेमलेले. आपल्यासारखी एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना इथे नाहीच. कौन्सिलर म्हणजे आपला नगरसेवक. खासदाराची ‘सर्जरी’ आहे असं वाचून मला बिचाऱ्यांची काळजी वाटली होती. ती म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याची वेळ! काही शब्दांत तर मराठीच सरस. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूरपक्ष, लेबर म्हणजे मजूरपक्ष, आणि कुणालाच बहुमत नसलेलं पार्लमेंट म्हणजे त्रिशंकू.

मुख्य गोष्ट अशी. इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या, 18 वर्षांवरील भारतीय नागरिकाला कौन्सिलच्या आणि पार्लमेंटच्या, दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. विद्यार्थ्यालाही, डिपेंडंट व्हिसावरच्या गृहिणीलाही. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही आणि मत दिल्यानं भारतीय नागरिकत्वही जात नाही. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर काही मिनिटांत होते. उलट, परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिकडे मत द्यायचं तर नाव नोंदवून मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष आपल्या मतदारसंघात हजर राहावं लागतं. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचं मत ना तिकडे पडतं, ना इकडे.

“एका मतानं काय होतंय?” असं आमच्या भिशीत एकीनं विचारलं. तिला मी दादाभाई नौरोजींची आठवण दिली. 1892मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून आपले दादाभाई पार्लमेंटवर निवडून गेले, ते अवघ्या पाच मतांनी. फार जुनी गोष्ट वाटते? 2024मध्ये लंडनच्याच हेंडन मतदारसंघाचा निकाल 15 मतांनी लागला. एवढी माणसं तर आपल्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या एका पंगतीला असतात!

ग्रंथालयासाठी आम्ही चार आया कौन्सिलरच्या सर्जरीत जाऊन बसलो. आता ते आठवड्यातून तीनच दिवस उघडतं, पण उघडतं.

4 जुलै 2024, गुरुवार. शाळा सुटल्यावर लेकाला घेऊन मी मतदान केंद्रावर गेले. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट पुढे केला. बाईंनी फोटो पाहिला, यादीतल्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका हाती दिली. आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. फुली मारताना हात किंचित थरथरला.

बाहेर आल्यावर लेक म्हणाला, “आई, आजीच्या बोटाला लावतात ती शाई कुठाय?” इथे शाई नसते म्हटल्यावर तो हिरमुसला. घरी येऊन त्यानं स्केचपेननं माझ्या बोटावर जांभळी रेघ ओढली, आणि तो फोटो आम्ही साताऱ्याला पाठवला. आजीचं उत्तर आलं, “तिकडं पण आपलं मत चालतं होय?”

चालतं, आई. तेव्हा मंडळी, फराळाच्या डब्यांसाठी रद्दी काढाल, त्यात कौन्सिलचं पत्र असेल तर आधी उघडून वाचा.