पडद्यावरचा उपास

2010 च्या लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातली गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी ख्रिस्ती तरुण मुलामुलींचा वर्ग भरायचा, अजूनही भरतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा ‘उपास’ या विषयावर बोलायला उभा राहिला. लॅपटॉप मित्राचा, प्रोजेक्टर भाड्याचा, पडदा म्हणजे आमच्या पलंगावरची पांढरी चादर. 24 स्लाइड होत्या. मोशेचे चाळीस दिवस, एलीयाचे चाळीस, प्रभूचे चाळीस, डावीकडून उडत येणारी अक्षरं, वाळवंटाचे फोटो आणि शेवटी मावळता सूर्य. टाळ्या पडल्या. मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारलं, “झ्याक झालं बाळा. पण तू कधी धरलास काय उपास?”

मुलगा प्रामाणिक. म्हणाला, “न्हाई आजी. मेसचा डबा बंद केला तर पैसे परत मिळत न्हाईत.”

सगळे हसले, मीही हसले. रात्री चादर पुन्हा पलंगावर घालताना मात्र हसू राहिलं नव्हतं. कारण तो विषय त्याला मीच दिला होता, स्लाइड कशा करायच्या तेही मीच सांगितलं होतं, आणि उपास धर असं काही सांगितलं नव्हतं. आज पंधरा वर्षांनी या वर्गाचा मागोवा घ्यायला बसले की सुरुवात त्या डब्यापाशीच होते.

वर्ग सुरू केला होता 2009 साली, शाळेतून निवृत्त झाल्या झाल्या. शब्बाथशाळेत गोष्टी ऐकून मोठी झालेली मुलं दहावीनंतर मंडळीत दिसेनाशी होतात, ही प्रत्येक पाळकाची तक्रार. गोष्टी त्यांना पाठ असतात. प्रार्थना, मनन, उपास, एकांत, पापकबुली, सेवा ही रोजची कामं कशी करायची ते कुणी हाताला धरून शिकवत नाही. ते शिकवायचं असं मी ठरवलं. नावावरून पहिलाच घोळ झाला. ‘आध्यात्मिक शिस्त’ म्हटलं तर मुलांना पीटीचा तास आठवायचा. ‘साधना’ म्हटलं तर काही पालकांना ते आपलं वाटेना. गंमत म्हणजे या विषयावरची दोन गाजलेली पुस्तकं एकाच वर्षी, 1978 साली आली. अमेरिकेतले क्वेकर लेखक रिचर्ड फॉस्टर यांनी ‘सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन’मध्ये बारा शिस्ती सांगितल्या. आणि इकडं पुण्यात साधना संस्था सुरू करून पुढं ती लोणावळ्याला नेणारे जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी पुस्तकाचं नावच ‘साधना’ ठेवलं. एकानं शिस्त म्हटलं, एकानं साधना, आणि दोघांच्या मधे आम्ही. शेवटी मुलांनीच प्रश्न सोडवला. ती याला ‘शनिवार’ म्हणू लागली. “बाई, या आठवड्यात शनिवार काय आहे?” “मनन.” विषय मिटला.

पडद्याचा सोस मात्र माझा एकटीचा नव्हता. त्या आजींची आई बायबलबाई होती. खेडोपाडी पायी जायची, काखेत चित्रांची गुंडाळी. झाडाच्या फांदीला गुंडाळी टांगायची, एक चित्र उलगडायचं, गोष्ट सांगायची, दुसरं उलगडायचं. आजी म्हणायच्या, “तुझ्या स्लाइडी त्याच, फक्त वीज लागत्या.” त्याच्याही आधी हिवाळी दौऱ्यावर निघणारे मिशनरी मॅजिक लँटर्न घेऊन हिंडत आणि रात्री भिंतीवर नाहीतर ताणलेल्या कापडावर बायबलमधली चित्रं दाखवत. कल्याणच्या पटवर्धनांनी 1890 च्या दशकात त्याच यंत्रावर ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली आणि पुराणातल्या कथा हलत्या केल्या. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहिला आणि तिथं त्यांना कृष्ण पडद्यावर आणायची ओढ लागली, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. बाबूराव पेंटरांच्या आणि प्रभातच्या या गावात पडदा दिसला की माणूस बसणारच.

बसतो, पण बघत बसतो. खोच तिथं होती, आणि ती आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींना माझ्या आधी कळली होती. अहमदनगरकडं एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तन उचललं. नारायण वामन टिळकांनी पुढं ते मराठी ख्रिस्ती उपासनेत मुरवलं. कीर्तनात चित्र नाही, यंत्र नाही, समोर एक माणूस उभा. तो जे सांगतो ते त्याच्या गळ्यातून येतं. लोक बघतात त्याच्याकडंच.

मेसच्या डब्यानंतर आम्ही एक नियम केला. ज्या विषयावर बोलायचं तो आधी तीन आठवडे स्वतः करायचा. उपास असेल तर बुधवारी एक वेळ जेवायचं नाही आणि वाचलेल्या पैशाचं काय करायचं ते ठरवायचं. (मेसच्या मुलानं पुढच्या खेपेला डबा बंद न करता तो स्टँडवरच्या एका हमालाला द्यायला सुरुवात केली. पैसे परत मिळत नाहीत या अडचणीतून निघालेली ही वाट मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती.) उपास या शब्दाचं ओझंही होतंच. नवरात्रात मैत्रिणी नऊ दिवस धरतात, साबुदाण्याची खिचडी, रताळी, वरीचे तांदूळ, आमच्या मुली विचारायच्या, “बाई, आपल्यात खिचडी चालते का?” आपल्यात काय चालतं यापेक्षा भूक लागल्यावर आपण कुणावर चिडतो ते लिहून आणा, असं मी सांगायला लागले. एकीनं लिहून आणलं होतं, “आईवर. तीन बुधवार, तिन्ही वेळा आईवर.”

यंत्रांनी त्या काळात छळलंही भरपूर. मुलांनी घरी श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेलं माझ्या लॅपटॉपवर उघडलं की ‘मनन’च्या जागी नुसते आकडे आणि स्वल्पविराम. युनिकोड सरसकट वापरात येईपर्यंत आमच्या निम्म्या स्लाइड छायाचित्र म्हणून चिकटवलेल्या असत. भारनियमन होतंच. पण त्या दिवसांतली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फुकटची होती, मिस कॉल. पहाटे साडेपाचला मी दोघांना मिस कॉल द्यायचा, त्यांनी पुढं दोघांना, असं करत अर्ध्या तासात वीस जण जागे. बोलायचं काही नाही, पैसे काही नाहीत. वाजला म्हणजे उठायचं आणि ज्यानं वाजवला त्याच्यासाठी प्रार्थना करायची. 2016 मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावरची वचनं पडू लागली आणि मिस कॉलची साखळी तुटली. ती तुटू दिली याची मला अजून चुटपुट आहे. पवित्र शास्त्र मोबाइलमध्ये आलं ही सोय मोठी, यात वाद नाही. पण वचन वाचता वाचता वरून क्रिकेटचा स्कोअर उतरतो, हे मुलांनीच पहिल्यांदा कबूल केलं.

खरा आक्षेप 2013 मध्ये आला, तोही एका वडिलांकडून. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी गुप्तपणे करायला सांगितल्या आहेत. तुम्ही त्या भिंतीवर लावता. मुलीनं किती वेळा प्रार्थना केली त्याचा तक्ता तिनं सगळ्यांसमोर दाखवला, दुसऱ्या मुलानं त्याहून उंच खांब काढले, ही कसली साधना? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तक्ते खरंच उंच होत चालले होते. तीन आठवडे करून मग बोलायचं या नियमानं खोटेपणा गेला होता आणि त्याच्या जागी मिरवणं आलं होतं.

महिनाभर सादरीकरणं बंद ठेवली. त्या महिन्यात वाइल्डर कुटुंबाबद्दल वाचत होते. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. इथलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला. शिकायला अमेरिकेत गेला, आणि 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं भरलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याच्या आणि मित्रांच्या खटपटीतून एक चळवळ उभी राहिली. त्या मेळाव्यातली एक सभा ‘दहा राष्ट्रांची सभा’ म्हणून ओळखली जाते. दहा विद्यार्थी उभे राहिले, त्यांत भारत, चीन, इराण इथल्या मिशनऱ्यांची मुलं, कुणी जपानी, कुणी सयामी, कुणी आर्मेनियन. प्रत्येकाला मिळाली तीन मिनिटं. आपल्या देशात काय झालं ते मिरवायचं नाही, काय कमी आहे तेवढं सांगायचं.

तिथून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, तीन मिनिटं. दोन, साधलेलं सांगायचं नाही, अडलेलं सांगायचं. तक्ते गेले. एकच स्लाइड, तीही चित्राची, हवी तर. 2014 पासूनच्या वह्या माझ्याकडं आहेत. कुणाचं काय अडलं ते नाव न लिहिता टिपून ठेवते. “पापकबुलीत खरं पाप सांगायला घाबरतो म्हणून लहान पाप तयार करतो.” “दहा मिनिटांच्या मननात आठ मिनिटं नोकरीच्या मुलाखतीत जातात.” “दशांश काढला, मग रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडले.” वर्गात असं काही सांगितलं गेलं की हसू यायचं, आणि मग दुसरा कुणीतरी म्हणायचा, माझंही तेच. माझ्या मते या पंधरा वर्षांत मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम, आणि त्याचं श्रेय निम्मं त्या तक्रार करणाऱ्या वडिलांना.

मौन शिकवणं मात्र राजारामपुरीत अवघड आहे. इथं गल्लीगणिक मंडळ, आणि गणपतीच्या दिवसांत डॉल्बी लागली की आमच्या खिडकीच्या काचा गाणं म्हणतात. एका वर्षी मौनाचा शनिवार नेमका त्यात आला. मी वर्ग रद्द करणार होते. डिमेलो वाचलेला एक मुलगा म्हणाला की त्यांच्या सरावांत आवाज ऐकत बसायचाही सराव आहे. बाहेरचा प्रत्येक आवाज नुसता ऐकायचा, त्याला नाव ठेवायचं नाही. (1998 मध्ये व्हॅटिकननं डिमेलोंच्या लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, हेही त्यानंच सांगितलं, मुलं हल्ली सगळं शोधून येतात.) बसलो. दहा मिनिटं. तीन मिनिटांनी पहिला जण हसला, मग सगळेच. पुढच्या शनिवारी पुन्हा बसलो. त्या गडबडीत खाली जाऊन मंडळाच्या पोरांशी ओळख झाली आणि शनिवारी साडेसहा ते सात आवाज थोडा खाली आणायचं ठरलं. बदल्यात आमचा पडदा त्यांना क्रिकेटच्या अंतिम सामन्यांना. तोवर आम्ही चादरीवरून खऱ्या पडद्यावर आलो होतो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर पाण्यात, महामार्ग बंद, उपसा केंद्रं बुडाल्यानं नळ कोरडे. त्या महिन्याचा विषय ‘सेवा’ होता. स्लाइड तयार होत्या, त्या कुणी उघडल्याच नाहीत. माडीवर पोळ्या लाटल्या जात होत्या. दोन आठवड्यांनी बोलायला बसलो तेव्हा अडलेलं एकच निघालं, “फोटो काढायचा मोह.” वीसपैकी चौदा जणांचं तेच.

मार्च 2020 नंतर झूमवर गेलो. त्या वर्षी उत्तम शुक्रवार 10 एप्रिलला आला. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं ही मंडळीतली जुनी रीत; आम्ही ती सात मुलांमध्ये वाटली. फुकटच्या झूमला 40 मिनिटांची मर्यादा, त्यामुळं प्रत्येक वेळी नवा दुवा. “मला तहान लागली आहे” या उद्गारावर नर्सिंगची एक मुलगी कोविड वॉर्डाच्या पाळीवरून, पीपीई किट उतरवून येऊन बोलत होती. किट घातल्यावर सहा-सात तास पाणी पिता येत नाही, एवढं तिनं सांगितलं आणि तिचा दुवा तुटला. कुणी तिच्या जागी बोललं नाही. उरलेली मिनिटं आम्ही तिची काळी चौकट बघत बसलो.

गेल्या दोन वर्षांत नवी कटकट आली आहे. ‘एकांत’वर तीन मिनिटांचं भाषण मोबाइल अर्ध्या मिनिटात लिहून देतो, वचनांसकट, शुद्ध मराठीत. अडलेलंसुद्धा देतो, एका मुलानं विचारून पाहिलं, तर यंत्रानं फार सुबक अडचणी दिल्या. त्या वाचून दाखवल्या तेव्हा आजी असत्या तर काय विचारलं असतं ते सगळ्यांना एकदम सुचलं. आजी 2021 मध्ये गेल्या. यंदाच्या लेंटमध्ये एकांतावर बोलायला उभ्या राहिलेल्या मुलीच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं. तिला सापडलेली जागा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागची, आणि तिथंही शेजारचे काका विडी ओढायला येतात. तिचं अडलेलं असं की आता काकांची वाट बघावीशी वाटते. ते एकटे असतात.

ती बोलत होती तेव्हा मागं पडद्यावर टाकीचा फोटो होता. पडद्याची उजवी कड गुलाबी दिसते. मंडळानं गेल्या सप्टेंबरात सामन्याला नेला होता, परत आला तेव्हा गुलालानं माखलेला. दोनदा धुतला, गेला नाही.