ठोक भावाची गोळी आणि दहाच्या वर्तुळाचा हिशेब

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा होता. अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर तो तिसरा आला. या प्रकारातलं भारताचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक आणलं होतं. नेमबाजी हा फक्त शहरी, श्रीमंत घरांचा खेळ, हा समज या दोघांनी पुरता मोडून काढला.

समज मोडला, तरी खर्च तिथंच आहे. पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसर, पारगाव, अवसरी किंवा मंचरच्या एखाद्या घरात मुलीनं रायफल हाती घ्यायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न रायफलीच्या किमतीचा येतो. ती एकदाच घ्यायची असते, क्लबकडून वापरायलाही मिळते. पण गोळी रोज लागते आणि रोज संपते. म्हणून खरा प्रश्न दुसराच असतो: सरावासाठी ठोक भावाची स्वस्त गोळी चालेल का? आणि चालेल की नाही, हे ओळखायचं कसं?

हातभरणीची वाट आपल्याकडे बंद का

अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हौशी नेमबाज या प्रश्नाचं उत्तर घरीच शोधतात. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कोष, तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर फक्त गोळी नळीतून निघून जाते, पितळी कोष हातात राहतो. तो स्वच्छ करून नव्यानं भरता येतो. अशा हातभरणीसाठी तिकडे गोळ्या पाचशे-हजारांच्या पिशव्यांत मिळतात. त्यांतल्या स्वस्त गोळ्या बहुधा लष्करी घडणीच्या असतात.

भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. घरच्या टेबलावर काडतूस भरणं हा इथं गुन्हा आहे. शिवाय ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारात वापरलं जाणारं पॉइंट टू-टू काडतूस पुन्हा भरताच येत नाही. त्याचा ठिणगी देणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याची पिन ती कडच चेपते, म्हणून एकदा उडालेला कोष भंगारात जातो. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नसते. दाबलेल्या हवेवर शिशाचा छर्रा उडतो.

आपल्या नेमबाजाला त्यामुळे गोळी घडवता येत नाही, ती फक्त निवडता येते. पण परदेशातला हातभरणीवाला ठोक गोळ्यांची पिशवी उघडून जे तपासतो, तेच आपल्याला छऱ्यांच्या डब्यात तपासायचं असतं.

स्वस्त गोळी स्वस्त का असते

पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. भुसावळजवळ वरणगावलाही काडतुसांचा मोठा कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आले आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. लष्कराला काडतुसाकडून काय हवं असतं? ते राजस्थानच्या उन्हात, सियाचीनच्या थंडीत आणि कोकणच्या पावसात उडालंच पाहिजे. कुठल्याही रायफलीत बसलं पाहिजे, अडकता कामा नये. ही कसोटी कडक आहे, पण ती भरवशाची कसोटी आहे. ५० मीटरवर १०.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात सलग गोळ्या घालणं तिच्यात येत नाही.

घडणीतला फरकही इथूनच सुरू होतो. लष्करी धाटणीच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच टोकाकडून चढवून मागं दुमडलेलं असतं. त्यामुळे तिचा तळ उघडा राहतो आणि तिथं शिसं दिसतं. स्पर्धेच्या गोळीचं कवच उलट्या दिशेनं चढतं. तिचा तळ बंद आणि एकसारखा असतो, टोकाला बारीक भोक राहतं. गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा वायू तिच्या तळाभोवतीनं बाहेर फुटतो. तळाची कड एका बाजूला जरा वर असली, तरी गोळीला तिरका धक्का बसतो. हातभरणीवाले म्हणूनच टोकापेक्षा तळ निरखून बघतात.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. कवच किंवा शिसं एका बाजूला जास्त असलं की गोळीचा तोल मध्यावर राहत नाही. टू-टू रायफलीच्या नळीतले आटे साधारण ४०६ मिलिमीटरला एक फेरा देतात. सेकंदाला ३२५ मीटर वेगानं निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला आठशे फेरे घेते. इतक्या वेगात तोल किंचित ढळला, तरी नळी सुटताच गोळी बाजूला सरकते.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा भाव ठरवताना व्यापारी सगळ्यात मोठं फळ शोधत नाही. क्रेटमधला माल एकसारखा आहे का, ते तो बघतो. गोळीचंही तसंच आहे. सगळ्या गोळ्या किंचित जड असल्या तर काही बिघडत नाही, साइट फिरवली की काम झालं. निम्म्या जड आणि निम्म्या हलक्या निघाल्या, तर कुठलीही साइट उपयोगी पडत नाही.

दहा मीटरचं गणित

एअर रायफलचं लक्ष्य कागदावर मांडून बघू. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत अडीच मिलिमीटरनं वाढतं. गुण दशांशात मोजले जातात, म्हणजे पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण गेला. एका फेरीत ६० फैरी असतात आणि एका फैरीला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणून कमाल बेरीज ६५४ होते. प्रत्येक फैरीत ०.१ गुण गेला तर एकूण ६ गुण जातात. मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीत जाणारे आणि बाहेर राहणारे यांच्यात इतकंही अंतर नसतं.

स्पर्धेचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघतो. दहा मीटर जाईपर्यंत तो सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. छर्रा ०.०१ ग्रॅमनं जड निघाला, म्हणजे वजनात दोन टक्क्यांचा फरक. हवेची ऊर्जा तीच राहिली तर वेग एका टक्क्यानं घटतो आणि छर्रा आणखी ०.३५ मिलिमीटर खाली लागतो. म्हणजे एका फैरीत ०.१ पेक्षा थोडं जास्त नुकसान. वरच्या पातळीवर हे फार आहे, पण शिकाऊ नेमबाजाला ते जाणवणारही नाही.

कारण नेमबाजाचा स्वतःचा फैलाव आणि छऱ्याचा फैलाव यांची साधी बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घ्यावं लागतं. समजा, मुलीच्या हाताचा फैलाव ६ मिलिमीटर आहे. स्वस्त छर्रा ४ मिलिमीटर पसरतो, महाग छर्रा २ मिलिमीटर. स्वस्त छऱ्यानं एकूण फैलाव ७.२ येतो, महागानं ६.३. फरक एक मिलिमीटरही नाही. दोन वर्षांनी हात सुधारून तिचा फैलाव २ मिलिमीटरवर आला, की स्वस्त छऱ्यानं ४.५ आणि महागानं २.८ येतो. आता तोच डबा तिचे गुण सरळ खातो. महाग छर्रा कधी घ्यायचा, हे म्हणून नेमबाजाच्या हातावरून ठरवायचं, पालकांच्या ऐपतीवरून किंवा दुकानदाराच्या आग्रहावरून नव्हे.

डबा उघडल्यावर

छऱ्यांचा डबा साधारण ५०० चा येतो. जर्मनीचे आर.डब्ल्यू.एस. आणि एच अँड एन, झेक देशातला जे.एस.बी. ही नावं रेंजवर नेहमी ऐकू येतात. प्रत्येक कंपनीची सरावाची आणि स्पर्धेची प्रत वेगळी असते. स्वस्त डबा तपासताना तीन गोष्टी क्रमानं कराव्यात.

पहिली, नुसतं बघणं. छर्रा कमरेत बारीक असतो. पुढं डोकं, मागं पातळ घेर. प्रवासात आपटून हा घेर चेपतो. चेपलेला छर्रा नळीत सरळ बसत नाही आणि हवा एका बाजूनं निसटते. थोडे छर्रे काचेवर घरंगळत सोडावेत. डोकं आणि घेर यांचा व्यास वेगळा असल्यानं चांगले छर्रे सारखंच वळण घेतात, वेडंवाकडं वळणारा बाजूला काढावा. असे छर्रे पुष्कळ निघाले, तर डबा स्वस्त पडलाच नाही.

दुसरी, वजन. सोनाराकडचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा यासाठी पुरतो. पाचशेच्या पाचशे तोलायची गरज नाही. डब्याच्या वेगवेगळ्या भागांतले पन्नास छर्रे तोलले की माल किती एकसारखा आहे ते कळतं. तोललेले छर्रे गटांत वाटून ठेवण्याची हौस अनेकांना असते. पण चेपलेला छर्रा वजनात नेमका बसला, म्हणून सरळ जात नाही.

तिसरी आणि निर्णायक, नळी. स्पर्धेच्या छऱ्यांचं डोकं ४.४९, ४.५० अशा मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं वेगळ्या मापांत मिळतं. कुठल्या नळीला कुठलं माप मानवेल, हे नळीच सांगते. रायफल टेकूवर घट्ट ठेवून, शक्यतो पकडीत आवळून, दहा-दहा फैरींचे निदान तीन-चार ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, घ्यावेत.

नवखे नेमबाज फसतात ते इथंच. पाच फैरींचा एक सुंदर ग्रुप बघून ते डब्यांची रास विकत घेतात. एकाच डब्यातून घेतलेले पाच फैरींचे दोन ग्रुप एकमेकांच्या दीडपट निघाले, तरी त्यात नवल नाही. शिवाय तोच माल, तीच नळी असली तरी दहा फैरींचा ग्रुप पाचापेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो. म्हणून पाचाची तुलना दहाशी करू नये आणि सगळ्यात चांगला ग्रुप निवडून तोच खरा मानू नये. सगळ्या ग्रुपांची सरासरी घ्यावी. भरकटलेली एखादी फैर ‘हात हलला’ म्हणून वगळू नये. पकडीतल्या रायफलीचा हात हलत नसतो.

पन्नास मीटर आणि लॉट

टू-टूच्या काडतुसात हा हिशेब अधिक कडक होतो. पन्नास मीटर जाईपर्यंत गोळी साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर उंचीत जवळपास ८ मिलिमीटरचा फरक पडतो. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर एका वर्तुळाची रुंदीही ८ मिलिमीटरच आहे, म्हणजे पूर्ण एक गुण गेला. इथं गोळीच्या घडणीइतकंच कोषात किती दारू किती एकसारखी पडली, यालाही महत्त्व येतं.

ब्रिटनचा एली, फिनलंडचा लापुआ, जर्मनीचे आर.डब्ल्यू.एस. आणि एस.के. यांच्या काडतुसांवर लॉट नंबर छापलेला असतो. एकाच यंत्रावर, एकाच घाण्यात निघालेला तो माल. काही कारखान्यांत एकाच यंत्रावरचा माल चाचणीनंतर वेगवेगळ्या प्रतींत वाटला जातो. त्यामुळे मधल्या प्रतीचा एखादा लॉट तुमच्या नळीतून वरच्या प्रतीहून चांगला जाऊ शकतो. चांगले नेमबाज म्हणून चार-पाच लॉटची थोडी-थोडी काडतुसं उडवून बघतात आणि जमलेल्या लॉटची हंगामभराची खरेदी एकदम करतात. पुढचा लॉट आला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. ‘मागच्या वर्षी हाच डबा चांगला होता’ हे वाक्य टू-टूच्या बाबतीत काहीच सांगत नाही.

पैसा कुठं घालायचा

राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ची. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची चाळणी असलेली अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावानं होते. निरगुडसरहून निघालेल्या मुलीला आधी राज्य पातळी, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, असा लांबचा पल्ला आहे. सोयींचं मोठं केंद्र म्हणजे पुण्याचं बालेवाडी, ६०-७० किलोमीटरवर. रोज जाणं शक्य नाही.

पण १० मीटरची रेंज घरी उभारता येते. कांदा बराखीशेजारी बंदिस्त पट्टी असली, मागं भक्कम भिंत, छर्रा अडवणारी लोखंडी पेटी आणि फैरी चालू असताना कोणी आडवं येणार नाही अशी एकच वाट असली, की सराव होतो. ही रायफल खेळाचीच. बिबट्या उसातून अंगणापर्यंत येणाऱ्या या मुलखात कोणी तिच्याकडे संरक्षणाचं हत्यार म्हणून बघू नये. साडेसात जूलच्या छऱ्यानं बिबट्या अडत नाही, नुसता बिथरतो. वन्यजीव कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, हे वेगळंच. शिसं विषारी असल्यानं सरावानंतर हात साबणानं धुवावेत, छर्रे तोंडात धरू नयेत आणि जमिनीवरची धूळ झाडूनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी.

पहिल्या वर्षी पैसा प्रशिक्षकावर, अंगाला नीट बसणाऱ्या जॅकेटवर आणि भरपूर स्वस्त छऱ्यांवर घालावा. स्वस्त म्हणजे वर सांगितलेल्या तीन तपासण्यांतून पास झालेला. त्याच वेळी एक वही सुरू करावी. डब्याचं नाव, लॉट, डोक्याचं माप, तारीख, टेकूवरचा ग्रुप आणि हातातला ग्रुप. महिन्यातून एकदा दोन्ही ग्रुप शेजारी ठेवून बघावेत. हातातला ग्रुप टेकूवरच्या ग्रुपाच्या तिप्पट असेपर्यंत महागडा डबा आणण्यात अर्थ नाही, तो पैसा आणखी सरावाला वापरावा. हातातला ग्रुप दीडपटीवर आला, की गोळी बदलायची वेळ झाली. त्या दिवशी स्पर्धेच्या प्रतीचे दोन-तीन वेगवेगळे डबे मागवावेत, पकडीत लावून तपासावेत आणि जो जिंकेल त्याच लॉटचे घ्यावेत. सराव तरीही स्वस्त छऱ्यांवरच चालू ठेवावा. मात्र स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे महाग छऱ्याला द्यावेत, म्हणजे नवा छर्रा कागदावर नेमका कुठं लागतो ते आधीच कळतं आणि साइट स्पर्धेच्या दिवशी फिरवावी लागत नाही.