यंत्रांची सांथ आणि तिचें गणित

जाळ्यानें जोडलेल्या संगणकांत शिरणाऱ्या उपद्रवी आज्ञावलींस ‘व्हायरस’ हें नांव उगाच पडलेलें नाहीं; त्यांचा फैलाव पुष्कळ अंशीं रोगासारखाच होतो. ह्या फैलावाच्या गणिताचा मुंबईशीं संबंध आहे, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. कर्मॅक व मॅक्केंड्रिक ह्यांनीं १९२७ सालीं सांथीचें गणित मांडलें, तेव्हां तें ताडून पाहण्यास १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगच्या मृत्यूंचे आंकडे घेतले होते. १९९१ सालीं केफार्ट व व्हाइट ह्यांनीं तीच रीत संगणकांच्या व्हायरसांस लाविली.

गणिताचें मर्म सोपें आहे. एक बाधित यंत्र दुरुस्त होण्यापूर्वीं सरासरीनें एकाहून अधिक यंत्रांस बाधा देईल, तर सांथ भडकते. एकाहून कमी यंत्रांस देईल, तर ती विझते. समजा, एक यंत्र चारांस बाधा देण्याजोगें आहे. मग शेंकडा ७५ हून अधिक यंत्रें आधींच सुरक्षित केलीं, तर सांथ पेटत नाहीं व उरलेलींही बहुतेक बचावतात.

विलंबाचें फळ २५ जानेवारी २००३ रोजीं दिसलें. ‘स्लॅमर’ प्रथम दर साडेआठ सेकंदांस दुप्पट होई. म्हणजे एका मिनिटांत एकाचीं सव्वाशें! दहा मिनिटांत बाधा होण्याजोग्या यंत्रांपैकीं शेंकडा ९० त्यानें ग्रासलीं. त्यावरील उपाय मात्र जुलै २००२ मध्येंच प्रसिद्ध झाला होता. कित्येकांनीं तो योजिलाच नव्हता.

घर पेटल्यावर विहीर खणण्यांत काय अर्थ? घरांतील संगणकावर वा मोबाइलवर ‘अपडेट’ची सूचना येतांच ती उद्यांवर ढकलूं नये, असें आम्हांस वाटतें. ही लस आपल्याइतकीच शेजाऱ्याकरितांही आहे.