फझ पेडल आणि हरवलेला बेस

फंकमधला बेस सोलो दणदणीत व्हावा म्हणून फझ पेडल घेतात आणि ड्रम्स सुरू झाले की बेसच ऐकू येत नाही. मग गेन (फझची तीव्रता) आणखी वाढवला जातो, आणि बेस आणखी दबतो.

फझचे मुख्य काम आवाज वाढवणे हे नाही. ते ध्वनिलहरीचे माथे छाटते (क्लिपिंग). धान्य मापताना मापावरची शीग पट्टीने उतरवतात, तसेच. सपाट झालेल्या लहरीत मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर (हार्मोनिक्स) भरपूर येतात. ती गुरगुर त्यांचीच. मात्र हलका आणि जोरकस ठोका जवळपास सारखाच वाजतो, आणि फंकचा तर सगळा जीव त्या फरकात. शिवाय गिटारसाठी बनवलेली बरीच पेडले खालचा भाग पातळ करतात. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर लागते. नेमका तोच भाग निसटतो.

म्हणून ब्लेंडची सोय (मूळ स्वच्छ आवाज हवा तितका मिसळणे) आधी पाहावी. पेडल जितके रानटी, तितकी ती जास्त गरजेची. बीटल्सच्या १९६५ मधल्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’मध्ये फझ बेसच्या जोडीला साधा बेसही आहे, तो उगाच नव्हे.

फंक बेसवादक बूट्सी कॉलिन्सच्या धर्तीवर एन्व्हलप फिल्टर (ठोक्याच्या जोरानुसार उघडझाप करणारी चाळणी) जोडायचा असेल, तर दोन्ही क्रम वाजवून पाहावेत. फझ आधी आले की फिल्टरला जोरातला फरक कमी कळतो. आणि दुकानात एकट्याने वाजवून पेडल ठरवू नये. निदान मोबाईलवर ड्रम्स लावावेत.